रिकिबीचा स्नायू

घोड्यावर बसताना ज्या लोखंडी कडीत पाय अडकवतात तिला मराठीत रिकीब म्हणतात. शब्द मूळचा अरबी, 'रिकाब'. तो फारसीतून दखनेत आला, आदिलशाही-निजामशाहीच्या आणि पुढे मराठ्यांच्या घोडदळाबरोबर सह्याद्रीच्या खोऱ्यांत रुळला. उर्दूत तोच शब्द 'रकाब' म्हणून वावरतो. आता खेड्यात घोडा फक्त लग्नाच्या वरातीत दिसतो, पण रिकीब मात्र आपल्या प्रत्येकाच्या कानात आहे. कानाच्या पडद्यामागे तीन बारीक हाडे असतात : हातोडी, ऐरण आणि रिकीब. त्यातले रिकीब हे शरीरातले सर्वांत लहान हाड. त्याची उंची जेमतेम ३ मिलिमीटर आणि वजन तांदळाच्या दाण्याहूनही कमी.

या रिकिबीला एक स्नायू जोडलेला आहे. तो सुमारे ६ मिलिमीटर लांब असून आपल्या हाडांना जोडलेल्या स्नायूंमध्ये सर्वांत लहान आहे. मोठा आवाज झाला की तो आपोआप आकसतो आणि रिकिबीला मागे खेचून ताठ करतो. त्यामुळे आत जाणारा आवाज थोडा कमी होतो. आपल्याला न विचारता, आपल्याला कळूही न देता हे काम चालते.

ही गोष्ट माणसाला कळायला किती काळ लागला, ती कोणकोणत्या भाषांतून आणि हातांतून गेली, आणि ती कळल्यानंतर आपण तिचे काय केले, याचा हा लहानसा इतिहास आहे.

एकाच जोडीत दोन नसा

दुसऱ्या शतकात होऊन गेलेला वैद्य गॅलेन (अरबी-उर्दूत जालीनूस) याने मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या सात जोड्या मोजल्या होत्या. आज आपण बारा मोजतो. गॅलेनच्या मोजणीतल्या पाचव्या जोडीत दोन वेगळ्या नसा एकत्र होत्या : एक ऐकण्याची, दुसरी चेहरा हलवण्याची. दोन्ही कवटीतल्या एकाच छिद्रातून आत शिरतात, म्हणून त्याने त्या एका जोडीत धरल्या.

गॅलेनचे ग्रंथ नवव्या शतकात बगदादमध्ये अरबीत आले. हुनैन इब्न इसहाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे मोठे काम केले. पुढे इब्न सिना (९८०–१०३७) याने 'अल्-कानून फित्-तिब' या ग्रंथात वैद्यकाची सगळी मांडणी एका चौकटीत बसवली. नसांच्या बाबतीत त्याने गॅलेनच्याच सात जोड्या ठेवल्या. बाराव्या शतकात तोलेदो शहरात क्रेमोनाच्या जेरार्डने 'कानून'चा लॅटिन अनुवाद केला आणि युरोपातल्या विद्यापीठांत तो पुढची काही शतके शिकवला गेला. आपल्याकडे युनानी हकीम हाच ग्रंथ अभ्यासत होते. म्हणजे पदुआतला विद्यार्थी आणि दखनेतला हकीम, दोघेही कानाबद्दल जवळजवळ एकच गोष्ट शिकत होते.

या ग्रंथांत कानातली तीन हाडे नाहीत. रिकीबही नाही आणि तिचा स्नायूही नाही. पण ऐकण्याची नस आणि चेहरा हलवण्याची नस यांना एका जोडीत ठेवण्याची ती जुनी मोजणी लक्षात ठेवा. ती शरीररचनेच्या दृष्टीने चुकीची ठरली, तरी पुढे या गोष्टीत या दोन नसा पुन्हा एकत्र येणार आहेत.

इटलीतले शतक

सोळाव्या शतकात इटलीत प्रेते उघडून पाहण्याची रीत रुळली आणि कानाची हाडे एकामागून एक सापडू लागली. आंद्रेआस वेसालियसने १५४३च्या आपल्या ग्रंथात दोन हाडांना हातोडी आणि ऐरण ही नावे दिली. तिसरे हाड त्याच्या हातून निसटले. ते नेपल्समध्ये जोव्हान्नी इन्ग्रासियाने १५४६च्या सुमारास ओळखले आणि त्याच्या आकारावरून त्याला रिकिबीचे नाव मिळाले. लोहाराच्या भात्याजवळची दोन नावे आणि घोडेस्वाराचे एक, अशी ही नावे लॅटिनमधून निघाली आणि मराठीतही तशीच आली.

बार्तोलोमेओ युस्ताकी याने १५६०च्या दशकात कानावर स्वतंत्र प्रबंध लिहिला. कान आणि घसा यांना जोडणारी नळी त्याच्या नावाने ओळखली जाते. सर्दी झाल्यावर किंवा घाट चढताना कानाला दडे बसतात ते याच नळीमुळे. त्याने हातोडीला जोडलेल्या एका स्नायूचेही वर्णन केले. रिकिबीच्या स्नायूच्या शोधासाठी बोलोन्याच्या कोन्स्तान्त्सो व्हारोलियोचे नाव घेतले जाते. त्याच काळात गाब्रिएले फालोपियोने चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातल्या ज्या अरुंद बोगद्यातून जाते त्याचे वर्णन केले. रिकिबीच्या स्नायूकडे जाणारी बारीक फांदी याच बोगद्यात चेहऱ्याच्या नसेतून फुटते.

१७७८ मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ झ्योमरिंगने नसांच्या बारा जोड्यांची मोजणी मांडली. तिच्यात चेहऱ्याची नस सातवी आणि ऐकण्याची आठवी झाली. गॅलेन आणि इब्न सिनाची पाचवी जोडी अशी कायमची फुटली.

स्नायू आहे, पण कशासाठी?

स्नायू सापडणे आणि त्याचे काम कळणे यांत तीनशे वर्षे गेली. प्रेताच्या कानात स्नायू दिसतो, पण हलताना दिसत नाही. त्यामुळे तर्क चालू राहिले. कोणी म्हणे, तबल्याची वादी ताणावी तसा हा स्नायू पडदा ताणतो आणि आपण कान देऊन ऐकतो तेव्हा कामाला येतो. कोणी म्हणे, तो मोठ्या आवाजापासून वाचवतो.

एकोणिसाव्या शतकात दुसऱ्या तर्काला रुग्णांनी पुरावा दिला. चेहऱ्याच्या एका बाजूला लकवा होतो, तोंड वाकडे होते, डोळा मिटत नाही, हे आपल्याकडे गावोगावी माहीत असलेले दुखणे आहे. फ्रेंच डॉक्टरांच्या लक्षात आले की अशा काही रुग्णांना त्याच बाजूच्या कानाने आवाज नको इतका मोठा ऐकू येतो. भांडे आपटले तरी ते दचकतात. चेहऱ्याची नस निकामी झाल्यावर कानाला त्रास का व्हावा? कारण त्याच नसेची एक फांदी रिकिबीच्या स्नायूला चालवते. पहारेकरी गैरहजर असला की दार उघडे राहते.

१८७८ मध्ये जर्मनीतल्या कील शहराचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सेन यांनी कुत्रा आणि मांजर यांच्या हातोडीच्या स्नायूत बारीक सुई खोचून पाहिली. आवाज केला की सुई हलायची. स्नायू खरोखरच आवाजाला उत्तर देतो, हे डोळ्यांना दिसले. जिवंत माणसात ते दिसायला १९२९ उजाडावे लागले. एर्हार्ट ल्युशर या स्विस डॉक्टरांनी पडद्याला भोक पडलेल्या एका रुग्णाच्या कानात भिंगातून पाहिले. आवाज झाला की रिकिबीचा बारीक कंडरा खेचला जात होता.

१९४६ मध्ये कोपनहेगनचे ओटो मेट्झ यांनी कान न उघडता हे मोजण्याची युक्ती काढली. कानाच्या नळीत बारीक सूर सोडायचा आणि पडद्यावरून तो किती परत येतो ते मोजायचे. स्नायू आकसला की साखळी ताठ होते आणि परत येणारा सूर बदलतो. गंमत अशी की एका कानात आवाज केला तरी दोन्ही कानांतले स्नायू आकसतात. म्हणून एका कानात आवाज द्यायचा आणि दुसऱ्या कानात मोजमाप घ्यायचे, अशी तपासणी करता येते. आज कुठल्याही चांगल्या श्रवण तपासणी केंद्रात ती होते. या तपासणीत रुग्णाने काही बोलावे लागत नाही, बोट वर करावे लागत नाही. म्हणून लहान मुलांसाठी ती फार मोलाची आहे.

एकेक पेशीचे उत्तर

आता आपण त्या जुन्या जोडीकडे येतो. आवाज ऐकण्याच्या नसेने, म्हणजे आठव्या नसेने, आत जातो. स्नायूला हुकूम चेहऱ्याच्या नसेने, म्हणजे सातव्या नसेने, येतो. या दोघींच्या मध्ये कोण आहे? १९७३ मध्ये स्वीडनचे एरिक बोर्ग यांनी सशांवर काम करून हा रस्ता शोधला. कानातली शंखासारखी वळलेली नळी, तिथून ऐकण्याची नस, मग मेंदूच्या देठातली दोन-तीन ठाणी, आणि मग चेहऱ्याच्या नसेच्या उगमाजवळच्या चेतापेशी. सगळा रस्ता तीन-चार चेतापेशींच्या साखळीचा. विचार करणाऱ्या मेंदूपर्यंत ही बातमी जायच्या आधीच हुकूम सुटतो.

१९८०च्या दशकात अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात, मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर इन्फर्मरीच्या प्रयोगशाळेत, जॉन गिनान आणि त्यांचे सहकारी याहून पुढे गेले. मांजरात रिकिबीच्या एका स्नायूला चालवणाऱ्या चेतापेशी हजारभराहून थोड्या अधिक असतात. इतक्या इवल्या स्नायूसाठी ही संख्या खूप मोठी आहे. या पेशींतून निघणाऱ्या एकेका धाग्याला स्पर्श करून त्यांनी विचारले : तू कोणत्या आवाजाला उत्तर देतोस?

उत्तरे चार प्रकारची आली. काही पेशी फक्त आपल्या बाजूच्या कानातल्या आवाजाला जाग्या होत. काही फक्त दुसऱ्या बाजूच्या. काही कोणत्याही एका कानाला. आणि काही अशा, की दोन्ही कानांत आवाज झाला तरच हलत. त्या मेंदूच्या देठातही आपापल्या गटाप्रमाणे वेगवेगळ्या ठिकाणी बसलेल्या सापडल्या. गावाच्या पहाऱ्यावर चार जण असावेत, एकाने पूर्वेची वेस बघावी, दुसऱ्याने पश्चिमेची, तिसऱ्याने दोन्ही, आणि चौथ्याने दोन्हीकडून हाक आल्यावरच उठावे, तशी ही वाटणी आहे.

१९९२ मध्ये याच प्रयोगशाळेतून आणखी एक निबंध आला. ऐकण्याच्या नसेतला प्रत्येक धागा एका ठराविक सुरालाच नीट उत्तर देतो, म्हणूनच आपल्याला सा आणि रे वेगळे कळतात. रिकिबीच्या चेतापेशी मात्र सुरांची अशी निवड करत नाहीत. त्या पुष्कळ सुरांना एकत्र उत्तर देतात, साधारण १००० ते २००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत लवकर. याचा अर्थ असा की वेगवेगळ्या सुरांच्या धाग्यांची बेरीज होऊन त्यांच्यापर्यंत पोचते. त्यांचा प्रश्न 'कोणता सूर' हा नाही, 'एकूण किती' हा आहे.

या निबंधात एक तर्कही होता. ऐकण्याच्या नसेतले काही धागे शांततेतही खूप बडबडतात आणि हळू आवाजालाच भरून जातात. दुसरे धागे मुळात गप्प असतात आणि मोठा आवाज झाला तरच बोलतात. रिकिबीच्या पेशींना हाक मारणारे हे दुसरे, कमी बोलणारे धागे असावेत, असे संशोधकांचे म्हणणे होते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

शिक्षकाचा कान

हा स्नायू फक्त बाहेरच्या आवाजासाठी नाही. आपण बोलायला तोंड उघडतो त्याच्या क्षणभर आधी तो आकसतो. १९६०–७०च्या दशकांत माणसाच्या स्नायूतले विजेचे संकेत मोजून हे सिद्ध झाले. वटवाघूळ चीत्कार सोडण्याआधी हाच स्नायू आवळते आणि प्रतिध्वनी येईपर्यंत सैल करते, हे हेन्सन या अमेरिकी संशोधकाने १९६५ मध्ये दाखवले.

आमच्यासारख्या शिक्षकांना याचा रोज उपयोग होतो. आपलाच आवाज आपल्या कानात सर्वांत जवळून आदळतो, आणि त्यातला खर्ज, म्हणजे जाड भाग, बारीक आवाजांना झाकून टाकतो. रिकिबीचा स्नायू नेमका हा जाड भाग कमी करतो. म्हणून फळ्याकडे तोंड करून मोठ्याने कविता म्हणत असतानाही मागच्या बाकावरची कुजबुज शिक्षकाला ऐकू येते. मुलांना वाटते, सरांना पाठीला डोळे आहेत.

सुरुंग आणि पहारेकरी

पण या पहारेकऱ्याला दोन मर्यादा आहेत, आणि माझ्या तालुक्याचा इतिहास पाहताना त्या फार जाणवतात.

पहिली मर्यादा वेळेची. मोठ्या आवाजाची खबर मिळाल्यावर स्नायू हलायला सुरुवात होते ती साधारण १० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागाने. पूर्ण आकसायला त्याला आणखी कितीतरी पट वेळ लागतो. गडगडणारा ढग, दुरून वाढत येणारी वरात, आपलाच चढणारा आवाज, यांच्यासाठी हे पुरेसे आहे. पण सुरुंगाचा धक्का एक-दोन मिलिसेकंदांत शिखर गाठतो. पहारेकरी उठेपर्यंत चोर घर लुटून गेलेला असतो.

निसर्गात असे आवाज क्वचित. ते माणसाने आणले, आणि सह्याद्रीत ते फार आणले. मुळशीच्या उत्तरेला बोरघाटात १८५६ ते १८६३ या काळात रेल्वेचा मार्ग कोरला गेला. त्यात २५ बोगदे आहेत, सगळे दारूने काळा कातळ फोडून केलेले. मग मुळशीतच मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या वीज प्रकल्पासाठी दगडी धरण उभे राहू लागले. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सेनापती बापटांच्या साथीने मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. भाषेचा शिक्षक म्हणून मला या घोषणेचे नेहमी अप्रूप वाटते. जान आणि जमीन, दोन्ही शब्द फारसी, आणि त्या मावळी शेतकऱ्याला ते परके वाटले नाहीत. लढा १९२४ पर्यंत चालला. धरण झाले, आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले.

या लढ्यात बुडालेल्या गावांचा, जमिनीचा, मोबदल्याचा हिशेब इतिहासात आहे आणि तो व्हायलाच हवा. पण घाटात, धरणांवर, खाणींत पहार मारणाऱ्या, दारू ठासणाऱ्या माणसांच्या कानांचा हिशेब मांडण्याची रीतच तेव्हा नव्हती. बहिरेपण हे म्हातारपणाचे किंवा नशिबाचे मानले जाई. मराठीत 'कानठळ्या बसणे' हा वाक्प्रचार आहे, म्हणजे अनुभव जुना आहे. त्याची नुकसानभरपाई मात्र नवी कल्पना आहे.

अमेरिकी लष्करासाठी काम करणाऱ्या संशोधकांनी १९६० मध्ये एक युक्ती करून पाहिली. गोळीबाराच्या आवाजाच्या थोडे आधी सैनिकांच्या कानात एक सूर सोडायचा, म्हणजे स्नायू आधीच आवळला जाईल. तात्पुरता बहिरेपणा खरोखर कमी झाला. खाणीत सुरुंग उडवण्यापूर्वी शिट्टी वाजवतात ती माणसांनी दूर जावे म्हणून. कानाच्या पहारेकऱ्यालाही अशीच आगाऊ शिट्टी लागते. २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर पुण्याहून मुळशीकडे येण्याच्या तोंडावरचा चांदणी चौकातला जुना पूल सुमारे ६०० किलो स्फोटके लावून पाडला, तेव्हा आजूबाजूचा परिसर आधी रिकामा केला होता. कानासाठी अंतर हेच सर्वांत जुने आणि सर्वांत खात्रीचे संरक्षण आहे.

दुसरी मर्यादा दमण्याची आणि पट्ट्याची. हा स्नायू जाड आवाज कमी करतो, फार तर १०–१५ डेसिबलने. बारीक, कर्कश आवाजांना तो फारसा अडवत नाही, आणि अशा आवाजांत काही सेकंदांतच त्याची पकड ढिली पडते. पिरंगुट परिसरातल्या कारखान्यात पत्रा कापणारा, खडीच्या क्रशरवर उभा राहणारा, ग्राइंडर चालवणारा कामगार दिवसभर याच कर्कश पट्ट्यात असतो. त्याच्या कानातला पहारेकरी आठ तास जागा राहू शकत नाही. म्हणून मालकाने दिलेले कानातले बोळे किंवा हेडफोनसारखे रक्षक ही चैन नाही. जे काम शरीर करू शकत नाही, ते काम ते करतात.

खबऱ्याच मुका झाला तर

२००९ मध्ये त्याच बॉस्टनच्या प्रयोगशाळेतून शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. त्यांना बहिरेपण आले आणि काही दिवसांनी गेले. नेहमीच्या तपासणीत कान बरा दिसत होता. पण आत पाहिले तर त्या पट्ट्यातल्या कानाच्या पेशी आणि ऐकण्याची नस यांच्यातले जोड जवळजवळ निम्मे तुटलेले होते, आणि ते परत जुळले नाहीत. पुढे गिनीपिगवरच्या कामात दिसले की तुटणाऱ्यांत जास्त भरणा त्या कमी बोलणाऱ्या धाग्यांचा असतो, जे फक्त मोठ्या आवाजाला बोलतात. २०१६ मध्ये याच गटाने दाखवले की अशा उंदरांत मधल्या कानाच्या स्नायूंची प्रतिक्रियाही अशक्त होते.

आता १९९२ चा तर्क आठवा. रिकिबीच्या पेशींना हाक मारणारे धागे तेच. म्हणजे मोठा आवाज पहिला घाव घालतो तो पहारेकऱ्यावर नाही, त्याला उठवणाऱ्या खबऱ्यावर. पुढच्या वेळी तोच आवाज आला की पहारेकरी उशिरा उठतो, कमी उठतो, आणि नुकसान वाढत जाते. माणसात हे नेमके किती घडते याविषयी संशोधकांत अजून वाद आहे. पण 'रात्रभर डीजेसमोर नाचलो, सकाळी कान ठीक होता' या वाक्यावर विसंबू नये, एवढे सांगायला हा पुरावा पुरेसा आहे.

समाअत

उर्दूत ऐकण्याच्या शक्तीला 'समाअत' म्हणतात, आणि न्यायालयात खटला चालतो त्यालाही समाअतच म्हणतात. मराठीतही 'सुनावणी' हा शब्द ऐकण्यावरूनच आला. महाराष्ट्रात कानाची सुनावणी बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. मुंबईचे डॉक्टर यशवंत ओक यांनी १९८५ मध्ये लाउडस्पीकरच्या गोंगाटाविरुद्ध उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. पुढे सुमैरा अब्दुलअली यांनी 'आवाज फाउंडेशन'च्या वतीने हातात डेसिबल मोजण्याचे यंत्र घेऊन सण, मिरवणुका आणि राजकीय सभा मोजल्या. २००० मध्ये केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणि ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या नियमांची अंमलबजावणी करायला सांगितले.

पुण्यात गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीचा आवाज लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकांत अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी दरवर्षी मोजतात. तो अनेकदा १०० डेसिबलच्या आसपास निघतो. वर सांगितलेल्या उंदरांना तेवढाच आवाज दोन तास दिला होता. आपल्या मिरवणुका दोन तासांत संपत नाहीत.

आणि हे फक्त एका सणाचे नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ईद-ए-मिलादच्या जुलूसमधल्या डीजे आणि लेझरविरुद्ध पुण्यातल्या काही मुस्लिम नागरिकांनीच मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. कुरआन आणि हदीसमध्ये याला आधार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने सांगितले की आवाज गणेशोत्सवात घातक असेल तर तो ईदच्या जुलूसमध्येही घातकच आहे. जानेवारी २०२५ मध्ये याच न्यायालयाने लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असेही म्हटले. या निकालांवर समाजात बरीच चर्चा झाली, कोणाला कोणाचा आवाज खटकतो याचीही. मला वाटते, कानाच्या बाजूने विचार केला तर ती चर्चा सोपी होते. रिकिबीच्या चेतापेशी सूर ओळखत नाहीत, ताशा, नाशीद आणि आरती यांत फरक करत नाहीत. त्या फक्त एकूण किती ते मोजतात.

शिक्षकांसाठी यात एक वेगळे काम आहे. वर्गात जे मूल हाक मारल्यावर वळत नाही, श्रुतलेखनात 'प' आणि 'फ', 'त' आणि 'थ' यांत गोंधळते, त्याच्यावर 'लक्ष देत नाही' असा शिक्का लवकर बसतो. उर्दूत ही अडचण आणखी वाढते, कारण तिथे 'क' आणि घशातला 'क़', 'ख' आणि 'ख़' यांतला फरक बारीक श्रवणावरच चालतो. अशा मुलाला आधी कान तपासायला पाठवावे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. हैदराबादचे अली यावर जंग १९७१ पासून महाराष्ट्राचे राज्यपाल होते. त्यांच्या नावाची ही संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली आणि श्रवण-वाचा तपासणीचे प्रशिक्षण, उपचार आणि संशोधन तिथे चालते. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांतही कानाची ही तपासणी होते. मेट्झने शोधलेली युक्ती आज काही मिनिटांची आहे, आणि तिच्यात मुलाला एक शब्दही बोलावा लागत नाही. वर्षाच्या सुरुवातीला वजन-उंची नोंदवतो तशी कानाची नोंदही शाळेच्या दप्तरात असावी, एवढी मागणी पालकसभेत मांडायला कोणाची परवानगी लागत नाही.

तोलेदोच्या अनुवादकापासून बॉस्टनच्या प्रयोगशाळेपर्यंत ही माहिती अरबी, लॅटिन, जर्मन, इंग्रजी अशा भाषांतून फिरून आपल्यापर्यंत आली आहे. ज्या दोन नसांना इब्न सिनाने एका जोडीत लिहिले, त्या आता बाराच्या मोजणीत वेगळ्या आहेत, पण काम अजून एकत्रच करतात : एक ऐकते, दुसरी सावध करते. त्यांच्या मधली ती हजारभर पेशींची चौकी दमते, उशीर करते आणि एकदा खबऱ्या गेला की परत मिळत नाही. तेव्हा येत्या लग्नसराईत स्पीकरच्या भिंतीजवळ उभ्या मुलाला दहा पावले मागे घ्या, आणि क्रशरवर जाणाऱ्या भावाच्या डब्यासोबत कानातले बोळेही द्या. बाकीचे काम रिकिबीचा स्नायू करील, त्याला जेवढे जमते तेवढे.